चंद्र किती वाजता उगवतो?

शाळेच्या पुस्तकात चंद्राच्या कला आठ गोलांच्या रांगेने येतात: काळा गोल, कोर, अर्धा, फुगीर, पूर्ण आणि मग तेच उलट क्रमाने. मुले ही रांग पाठ करतात, परीक्षेत काढतात, गुणही मिळवतात. शुद्ध अष्टमीच्या दुपारी चार वाजता चंद्र कुठे असेल, असे विचारले तर हीच मुले सांगतात की चंद्र रात्री असतो. आकार शिकवला, वेळ आणि दिशा राहून गेली. कलांच्या शिकवणीतला बराचसा घोळ माझ्या मते इथूनच सुरू होतो.

घोळ फक्त आपल्याकडचा नाही. चांदोबा आपल्याबरोबर चालतो, असे लहान मुलांना खरोखर वाटते, हे झां पियाजे यांनी १९२०च्या दशकात मुलांशी बोलून नोंदवले. पुढे १९८७ मध्ये ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ नावाचा माहितीपट आला. त्यात हार्वर्डचे नुकते पदवी घेतलेले विद्यार्थी ऋतू का बदलतात याची चुकीची उत्तरे आत्मविश्वासाने देतात आणि शाळकरी मुले चंद्रकलांबाबत तशीच गडबडतात. सर्वांत चिवट चूक म्हणजे, चंद्रावर पृथ्वीची सावली पडते म्हणून तो कमी-जास्त दिसतो. मोठ्यांना विचारून पाहा, निम्म्या घरांत हेच उत्तर मिळेल.

या समजुतीला आकृतीच खतपाणी घालते. पानावर पृथ्वी आणि चंद्र दोन बोटांच्या अंतरावर बसवलेले असतात, मग सावली पडणारच. खरे प्रमाण मैदानावर मांडावे. फुटबॉल म्हणजे पृथ्वी धरली, तर चंद्र टेनिसच्या चेंडूपेक्षा जरा लहान आणि तोही साडेसहा मीटर लांब. सूर्य अडीच किलोमीटरवर, म्हणजे शाळेच्या फाटकाबाहेर कुठेतरी. चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली असल्यामुळे हा चेंडू फेरी मारताना कधी दोन फूट वर, कधी दोन फूट खाली असतो. पृथ्वीची सावली चुकवायला एवढे पुरते. दर पौर्णिमेला ग्रहण का लागत नाही, हा प्रश्न मैदानावर उभ्या असलेल्या मुलाला समजावून सांगावा लागत नाही.

दुसरा प्रयोग याहून सोपा, आणि त्याला दिवसाच लागतो. कृष्ण अष्टमीच्या सकाळी आठ-नऊला चंद्र पश्चिमेला असतो आणि ऊनही असते. एक पांढरा चेंडू उन्हात, हात लांब करून, चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असा धरायचा. चेंडू जितका आणि ज्या बाजूने उजळलेला दिसतो, तितकाच आणि त्याच बाजूने चंद्र. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावून, चेंडू डोक्यापेक्षा जरा उंच धरून स्वतःभोवती फिरले की उरलेल्या कलाही मिळतात. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस सांगून ठेवले होते की चंद्र सूर्याच्या प्रकाशाने उजळतो. ते पाठ करण्यापेक्षा हातातल्या चेंडूवर पाहिलेले बरे.

आपल्याकडे यासाठी एक साधन घरोघरी टांगलेले आहे. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातले बारा अंशांचे अंतर. हे एकदा कळले की कॅलेंडर उघडे पुस्तक होते. अष्टमीला दोघांत काटकोनाच्या जवळपास अंतर, म्हणून शुद्ध अष्टमीचा चंद्र दुपारी उगवतो आणि मध्यरात्री मावळतो, कृष्ण अष्टमीचा मध्यरात्री उगवतो. कृष्णजन्म रात्री बारा वाजता आणि चंद्रोदयही त्याच सुमाराला, हे मुलांना सांगितले की ती चमकतात. कोजागरीचे दूध मध्यरात्री, कारण पौर्णिमेचा चंद्र तेव्हा सर्वांत उंच असतो. संकष्टीला आजी उपास धरून रात्री नऊच्या मागेपुढे पूर्वेकडे डोळे लावून बसते. विनायकीचा चंद्र साधारण त्याच वेळी पश्चिमेला मावळायला टेकलेला असतो. रोज सुमारे पन्नास मिनिटे उशीर, हा हिशेब आजीला पक्का ठाऊक असतो. शाळा मात्र तिला विचारत नाही.

दिवाळीचा आठवडा तर या विषयासाठीच नेमलेला वाटावा. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाची वेळ पंचांगात चंद्रोदयाशी जोडलेली असते. वसुबारसेपासून पहाटे पूर्वेला रोज बारीक होत जाणारी कोर दिसते. लक्ष्मीपूजनाला चंद्र नाही. भाऊबीजेला सूर्य मावळल्यावर पश्चिमेला, क्षितिजालगत, पुन्हा कोर. दोन्ही वेळी फुगीर बाजू सूर्याकडेच. परदेशी पुस्तकांतल्या कोरी उभ्या असतात. आपल्या अक्षांशावर आश्विनातल्या पहाटेची किंवा चैत्रातल्या संध्याकाळची कोर उताणी दिसते, शंकराच्या जटेतल्या किंवा कपाळावर रेखलेल्या कोरीप्रमाणे. ‘उजवीकडे फुगलेली ती वाढती’ हा आयता नियम म्हणूनच इथल्या मुलांना अर्धवट उपयोगी पडतो.

मराठीत या कामाची परंपरा आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी एकोणिसाव्या शतकात ‘ज्योतिर्विलास’ लिहिले. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे आणि न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली तारांगण उभे राहिले. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शमीन पाडळकर आणि जयश्री रामदास यांनी खगोल शिकवताना हातवारे, शरीराची हालचाल आणि आकृती यांचा मेळ कसा घालावा, यावर संशोधन केले. मला ही दिशा सर्वांत आशादायक वाटते, कारण कला समजण्यासाठी मुलाला मनातल्या मनात पृथ्वीवरून उठून अवकाशात जावे लागते आणि परतही यावे लागते.

आजच्या मुलांपाशी आणखी एक दाखला आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी भारताचा विक्रम लँडर चंद्रावर उतरला तेव्हा आपल्याकडे श्रावण शुद्ध सप्तमी होती, आकाशात जवळजवळ अर्धा चंद्र होता आणि उतरण्याच्या जागी सकाळ होती. तिथला दिवस आपल्या चौदा दिवसांचा. ४ सप्टेंबरला, कृष्ण पंचमीच्या सुमारास, तिथे रात्र पडायला आली आणि विक्रमला झोपवले गेले. म्हणजे कला हा चंद्रावरच्या सकाळ-संध्याकाळचाच हिशेब. शाळांनी टाळ्या भरपूर वाजवल्या, पण हा धडा फारसा कुणी घेतला नाही.

परीक्षेत आठ गोल काढायला सांगण्याऐवजी एकच प्रश्न घालावा: ‘अमावास्या होऊन दोन दिवस झाले होते. मध्यरात्री डोक्यावर नाजूक चंद्रकोर चमकत होती.’ या वर्णनातली चूक सांगा. कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्यांनीही तो सोडवून पाहायला हरकत नाही.