पोट लहान झालं, आता भाताचं काय?

वजन कमी करायचं ऑपरेशन म्हटलं की विदर्भात बऱ्याच जणांना नितीन गडकरी आठवतात. सप्टेंबर २०११ मध्ये त्यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुढे तिच्याबद्दल ते जाहीरपणे बोललेही. आता त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. नागपुरात ही ऑपरेशनं होतात, म्हणजे भंडाऱ्यापासून साठेक किलोमीटरवर.

ऑपरेशनची माहिती शोधली तर भरपूर मिळते. दवाखान्यात किती दिवस, टाके किती, वजन किती उतरतं, सगळं. पण घरी आल्यावर ताटात काय वाढायचं हे शोधायला गेलात, तर समोर येतात ओट्स, ब्रोकोली आणि ग्रिल्ड चिकन. आपलं ताट भाताचं. शेतात धान, घरात तांदूळ आणि दोन्ही वेळच्या जेवणात भात. आणि या ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त विचार करून वाढायचा पदार्थ कोणता असेल, तर तो भातच. तो का, हे आज समजून घेऊ.

आधी एक सांगून ठेवणं गरजेचं आहे. माझा अभ्यास बायोकेमिस्ट्रीचा आहे, डॉक्टरकीचा नाही. तुमच्या सर्जननं आणि आहारतज्ज्ञानं दिलेला तक्ताच पाळायचा. त्या तक्त्यामागची कारणं कळावीत, एवढ्यासाठी हा लेख.

पोटात नेमकं काय बदलतं?

सध्या जास्त केला जाणारा प्रकार म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. यात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी उरते. नेहमीच्या जठरात भरपेट जेवल्यावर एक ते दीड लिटर मावतं. या नळीत सुरुवातीला १०० ते १५० मिलिलिटर, म्हणजे घरातली एक लहान वाटी.

दुसरा प्रकार गॅस्ट्रिक बायपास. यात जठराच्या वरच्या टोकाला ३० मिलिलिटरच्या आसपासची छोटी पिशवी करतात आणि ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः तिथेच शोषलं जातं, त्यामुळे या दोन गोष्टींची कमतरता पुढे त्रास देते.

दोन्ही प्रकारांत फक्त जागा कमी होत नाही, हार्मोन्सही बदलतात. घ्रेलिन नावाचं भूक वाढवणारं हार्मोन जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग निघून जातो. शिवाय पोट भरल्याची जाणीव देणारी जीएलपी-१ सारखी हार्मोन्स जेवणानंतर जास्त प्रमाणात सुटतात. म्हणून पहिले काही महिने अनेकांना भूकच लागत नाही.

ऐकायला हे छान वाटतं. पण पोट लहान झालं म्हणून शरीराची गरज लहान होत नाही. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात, दीड-दोन लिटर पाणी लागतं, जीवनसत्त्वं तर पूर्वीएवढीच लागतात. हे सगळं एका लहान वाटीत, दिवसातून पाच-सहा वेळा, भूक नसताना बसवायचं आहे. प्रश्न म्हणून "किती खायचं" हा राहत नाही. ती वाटी कशाला द्यायची, हा प्रश्न आहे.

वाटीचा हिशोब

१०० ग्रॅम शिजलेल्या भातात प्रथिनं अडीच ग्रॅमच्या आसपास असतात. तेवढ्याच मासळीत १८ ते २० ग्रॅम. पनीरमध्ये साधारण १८. एका अंड्यात ६. आता आपण जेवतो कसं ते बघा. आधी भात वाढतो, त्यावर पातळ वरण, बाजूला भाजी. चार घास भात पोटात गेला की नवीन पोट भरलं. वरणातलं घट्ट खाली राहिलं, मासळी तशीच राहिली. जेवण झालं, पण प्रथिनं गेली तीन-चार ग्रॅम.

असं महिनोन् महिने चाललं तर वजन उतरतं खरं, पण चरबीबरोबर स्नायूही झिजतात. जिना चढताना दम लागतो, रोवणीला वाकलं की उठवत नाही. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळणं बऱ्याच जणांना होतं आणि ते बहुतेक वेळा थांबतं, पण प्रथिनं आणि लोह कमी पडलं तर ते लांबतं.

उपाय सोपा आहे: ताटाचा क्रम उलटा करा. आधी प्रथिनं, मग भाजी, भात शेवटी आणि जागा उरली तरच. आपल्याकडे त्यासाठी बाहेरचं काही आणावं लागत नाही. तलावांची आणि वैनगंगेची मासळी आहे, काटे नीट काढून मऊ शिजवलेली. अंडी आहेत, दही आहे, पनीर आहे. शाकाहारी असाल तर मुगाचं किंवा तुरीचं घट्ट वरण चमच्यानं खा, भातावर ओतू नका. पुढे फुटाण्याचं पीठ ताकात कालवून घेता येतं, सोयाबीनची वडी बारीक करून भाजीत घालता येते.

लाखोळीच्या डाळीबद्दलही विचारणारे असतील, कारण ती आपल्या बांधीतच होते. तिच्यात प्रथिनं भरपूर आहेत. पण तिच्यात ओडॅप नावाचं द्रव्यही असतं आणि मुख्य अन्न म्हणून रोज, महिनोन् महिने तीच खाल्ली तर पायांतली ताकद जाऊ शकते. ज्याचं खाणंच वाटीभर आहे, त्यानं सगळा भार तिच्यावर टाकू नये.

नुसत्या पेजेचा धोका

ऑपरेशननंतर पहिले दोनेक आठवडे पातळ पदार्थ, मग साधारण दोन आठवडे गाळलेले किंवा वाटलेले, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं जेवण, असा सर्वसाधारण क्रम असतो. पातळ म्हटलं की आपल्या घरात पहिली आठवते ती तांदळाची पेज. आजाऱ्याला पेज द्यायची, हे आईपासून आजीपर्यंत सगळ्यांना ठाऊक. एरवी त्यात काही चूक नाही. पण इथे थोडं थांबायला हवं.

थायमिन म्हणजे व्हिटॅमिन बी-१. अन्नातल्या साखरेपासून ऊर्जा काढायला शरीराला ते लागतं, मेंदूला आणि नसांना तर विशेष. त्याचा शरीरातला साठा फार थोडा, जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल एवढा. तुलना करायची तर व्हिटॅमिन बी-१२ यकृतात काही वर्षं पुरेल एवढं साठवलेलं असू शकतं.

तांदळाच्या दाण्यात थायमिन असतं ते मुख्यतः बाहेरच्या थरात. मिलमध्ये तांदूळ पांढरा होतो तेव्हा तो थर कोंड्यात जातो. याचा परिणाम जगाला कळला तो जावा बेटावर. १८९० च्या सुमारास ख्रिस्तियान आइकमन हा डच डॉक्टर तिथे बेरीबेरी या रोगाचा अभ्यास करत होता. लष्करी दवाखान्यातला उरलेला पांढरा भात खाणाऱ्या त्याच्या कोंबड्या लुळ्या पडू लागल्या. पुढे स्वयंपाकी बदलला. नव्या माणसानं तो भात कोंबड्यांना द्यायला नकार दिला, त्यांना साधा बिनसडीचा तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या. या कामासाठी आइकमनला १९२९ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

आता हे ऑपरेशननंतरच्या माणसाला लावून बघा. खाणं अगदी कमी. त्यात मळमळ, उलट्या. पोटात टिकतं म्हणून घरचे पांढऱ्या तांदळाची पेज देतात, वरून साखर. म्हणजे ऊर्जा पिष्टाची आणि ती वापरायला लागणारं थायमिन जवळपास नाही. काही आठवड्यांत साठा संपू शकतो. पायांना मुंग्या येणं, चालताना तोल जाणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, माणूस गोंधळल्यासारखा बोलणं ही त्याची लक्षणं आहेत. "अशक्तपणा आहे, सलाइन लावू" म्हणून हे सोडून देण्यासारखं नाही. उशीर झाला तर मेंदूला कायमची इजा होते. नुसतं ग्लुकोजचं सलाइन तर अशा वेळी त्रास वाढवू शकतं, म्हणून थायमिन आधी किंवा सोबत द्यावं लागतं.

त्यामुळे दोन नियम घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावेत. उलट्या दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त चालल्या किंवा पाणीही टिकेनासं झालं, तर वाट न बघता ऑपरेशन केलेल्या दवाखान्यात फोन करा. आणि गावातल्या डॉक्टरकडे गेलात तर पहिलं वाक्य हेच असू द्या: "पेशंटचं वजनाचं ऑपरेशन झालं आहे, थायमिन द्यायचं का?" डिस्चार्जचा कागद सोबत असू द्या. लाखांदूर किंवा पवनीकडून नागपूर गाठायला वेळ लागतो, तेव्हा हा कागद फार कामाचा आहे.

पातळ आहाराच्या दिवसांत काय द्यायचं मग? मुगाचं गाळलेलं पाणी, पातळ ताक, साय काढलेलं दूध, तक्त्यात असेल तर प्रोटीन पावडर. पेज घ्यायचीच तर ती एकटी नको. उष्णा तांदूळ यात थोडा बरा, कारण धान भिजवून वाफवताना बाहेरच्या थरातलं थायमिन काही प्रमाणात दाण्यात उतरतं. पण तो गोळ्यांची जागा घेऊ शकत नाही.

पाणी, गोड आणि मोहाची

ताटाशेजारी पाण्याचा गिलास ठेवायची सवय सोडावी लागते. जेवताना पाणी पिलं तर जागा पाण्यानंच भरते. जेवणानंतर अर्धा तास थांबून घोट घोट प्यायचं, दिवसभर. आपल्याकडच्या मे महिन्यात हे अवघड होतं, कारण तहान लागल्यावर एकदम तांब्याभर पाणी पिता येत नाही. बाटली सतत सोबत ठेवणं हाच मार्ग.

गोड पदार्थांचा त्रास बायपासनंतर जास्त होतो. साखर वेगानं आतड्यात उतरते आणि पंधरा ते तीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब सुरू होतात. याला डंपिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर उलट खाली जाऊन गरगरतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डोस डॉक्टरांकडून लगेच तपासून घ्या, जुनाच डोस चालू ठेवणं धोक्याचं आहे.

दारू मोहाची असो की दुकानातली, ती आता फार लवकर चढते आणि थायमिनचं नुकसानही करते. टाळलेली बरी. अंगदुखीच्या गोळ्याही मनानं दुकानातून आणून घेऊ नका, त्यातल्या काहींनी विशेषतः बायपासनंतर अल्सर होतो.

गोळ्या किती दिवस?

आयुष्यभर. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, यातलं काय आणि किती ते तुमचे डॉक्टर ठरवतील. कॅल्शियम बहुतेक वेळा सायट्रेट स्वरूपात देतात, कारण साध्या कार्बोनेटला विरघळायला जठरातलं आम्ल लागतं आणि ते आता कमी आहे. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाची गोळी चहासोबत नको. रक्ततपासणी पहिल्या वर्षात तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, नंतर दरवर्षी. मूल हवं असेल तर साधारण बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात, कारण वेगानं वजन उतरत असताना आईलाच पोषण पुरत नसतं.

मंडईचे पाहुणे

दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, घरं पाहुण्यांनी भरतात आणि आग्रह सुरू होतो. "एवढंसंच? तब्येत बरी नाही का?" ऑपरेशन झालेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर दिवसातून दहादा द्यावं लागतं, आणि शेवटी कंटाळून तो दोन घास जास्त खातो. मग छातीत दाटतं, उलटी होते.

उलट टोकही आहे. वर्ष-दीड वर्षानं भूक थोडी परत येते. शेव, चिवडा, बिस्किट, गोड चहा हे सगळं लहान पोटातूनही सहज उतरतं आणि पोट भरल्यासारखं वाटत नाही. वजन परत चढतं ते बहुतेक या वाटेनं. म्हणून दोन जेवणांच्या मध्ये सतत तोंडात टाकत राहणं टाळा.

घरच्यांना करता येण्यासारखं एक काम आहे. त्या माणसाला मोठ्या ताटाऐवजी लहान ताटलीत वाढा, आधी मासळी किंवा घट्ट वरण, वीस-तीस मिनिटं सावकाश खाऊ द्या, आणि "आणखी घे" म्हणणाऱ्या पाहुण्याला तुम्हीच सांगा की त्याचं झालं. त्याला दरवेळी स्वतःची बाजू मांडावी लागू नये.