कासारातला गळालेला ‘क’

शिरूर नावाची गावे महाराष्ट्रात बरीच. पुणे जिल्ह्यात घोडनदीचे शिरूर, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद. बीड जिल्ह्यात सिंदफणेकाठच्या शिरूरची खूण म्हणजे ‘कासार’. कासार म्हणजे तांब्यापितळेची भांडी घडवणारा, बायकांना बांगड्या भरणारा. या शब्दाचे संस्कृत मूळ ‘कांस्यकार’. मग त्यातल्या ‘कार’चा क कुठे गेला?

शेजारची घरे पाहू. कुंभकाराचा कुंभार झाला, लोहकाराचा लोहार, सुवर्णकाराचा सोनार, चर्मकाराचा चांभार. प्रत्येक वेळी नेमका तोच क गळाला. जीभ घसरली म्हणून एखाद्या शब्दातला क जाईल. पाचही घरांतून तोच गेला, तर तो नियमाने गेला. मराठीचा जन्म होण्याआधीच हा नियम सूत्रात बसवला गेला होता. ज्या भाषेसाठी तो बसवला, ती माहाराष्ट्री प्राकृत.

ही भाषा झामेनहॉफच्या एस्परांतो या कृत्रिम भाषेसारखी नव्हे. एस्परांतो एका माणसाने कागदावर रचून 1887 साली प्रसिद्ध केली. माहाराष्ट्री लोकांच्या तोंडातून आली. पण काव्यात दिसते तशी ती कोणाच्या अंगणात बोलली जात असेल, असे मानणे कठीण आहे. खाणीतून तांबे निघते, कथील निघते. कासे मात्र निघत नाही, ते भट्टीत करावे लागते. माहाराष्ट्रीचे तसेच आहे. धातू लोकांचा, भट्टी कवींची.

याचा पुरावा दगडावर आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटातला सातवाहनांचा लेख प्राकृतातच आहे. पण तिथे ‘सिमुक’ या राजाच्या नावातला क शाबूत आहे, ‘सातवाहन’मधला त शाबूत आहे. त्याच घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त मात्र अशी व्यंजने सर्रास गळतात. म्हणजे राज्यकारभाराची प्राकृत वेगळी आणि गाण्याची वेगळी. अँड्र्यू ओलेट या अभ्यासकाने 2017 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात हेच मांडले आहे, की साहित्यातली प्राकृत ही सातवाहनांच्या काळात जाणीवपूर्वक घडवली गेलेली काव्यभाषा आहे.

सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे शिरूर कासारच्या उत्तरेला गोदाकाठी असलेले आजचे पैठण. सप्तशतीतल्या सुमारे सातशे गाथांमध्ये शेत राखणारी माणसे आहेत, वाटसरू आहेत, सासुरवाशिणी आहेत आणि ‘गोला’ या नावाने खुद्द गोदावरी आहे. विषय रानातले, भाषा मात्र दरबारात घासूनपुसून लखलखीत केलेली.

आता ही भट्टी कशी चालते ते पाहू. वररुचीच्या ‘प्राकृतप्रकाश’ या व्याकरणात बारा परिच्छेद आहेत. पहिले नऊ माहाराष्ट्रीचे. उरलेल्या तिघांत पैशाची, मागधी आणि शौरसेनी. पद्धत अशी, की संस्कृत शब्द घ्यायचा आणि त्यावर एकेक सूत्र चालवायचे. मुख्य नियम पाच.

पहिला, स्वरांचा. ऋ राहत नाही. तिच्या जागी अ, इ किंवा उ येतो. तृणाचे ‘तण’ होते, ऋषीचा ‘इसि’. ऐ आणि औ यांचे बहुधा ए आणि ओ होतात. शैलाचा ‘सेल’, यौवनाचे ‘जोव्वण’. खुरपताना आपण काढतो ते तण हेच.

दुसरा, सारखे आवाज एकत्र करण्याचा. श, ष, स या तिघांचा एक स. न चा ण. शब्दारंभीच्या य चा ज. पानीयाचे ‘पाणिअ’ झाले आणि पुढे आपले पाणी.

तिसरा, गळतीचा. दोन स्वरांच्या मध्ये एकटे सापडलेले क, ग, च, ज, त, द, य बहुधा गळतात. लोकाचा ‘लोअ’, नगराचे ‘णअर’, नदीची ‘णई’. कुंभकाराचा ‘कुंभआर’ झाला तो याच नियमाने. प आणि ट मात्र बहुधा गळत नाहीत, मऊ पडतात. प चा व आणि ट चा ड होतो. कपाटाचे ‘कवाड’ होताना हे दोन्ही बदल एकाच शब्दात दिसतात, आणि ते कवाड खेड्यात अजून लावले जाते.

चौथा, हकाराचा. ख, घ, थ, ध, भ अशा जागी सापडले, की त्यांतला फक्त ह उरतो. मुखाचे ‘मुह’, कथेची ‘कहा’, बधिराचा ‘बहिर’, दधीचे ‘दहि’. बहिरा आणि दही हे शब्द आपल्याला इथूनच मिळाले.

पाचवा, जोडाक्षरांचा. निराळी दोन व्यंजने एकत्र नांदत नाहीत. एक दुसऱ्याला आपल्यासारखे करून घेते. सप्ताचे ‘सत्त’, अद्यचे ‘अज्ज’, कर्णाचा ‘कण्ण’, हस्ताचा ‘हत्थ’, भक्ताचे ‘भत्त’. पुढे मराठीने यातले एक व्यंजन सोडले आणि त्या बदल्यात मागचा स्वर लांबवला. सात, आज, कान, हात, भात.

आता कांस्यकार सोडवता येतो. ‘स्य’चा स झाला, ‘कार’चा क गेला, कंसआर झाले. शेजारचे दोन अ मिळून कंसार, आणि अनुस्वार विरून कासार.

व्याकरणाची वीणही अशीच सुटसुटीत. द्विवचन गेले, त्याचे काम अनेकवचनाने घेतले. चतुर्थी बहुतेक षष्ठीत मिसळली. लिंगे मात्र तिन्ही राहिली; मराठीनेही ती टिकवली, हिंदीने नपुंसक सोडले. अकारान्त पुल्लिंगी नाम प्रथमेत ओकारान्त होते, जसे ‘देवो’, ‘पुत्तो’. क्रियापद ‘हसइ’, म्हणजे हसतो किंवा हसते. भूतकाळासाठी संस्कृतातल्या रूपांचे जंगल तोडून बहुतेक काम ‘गअ’ (गेलेला), ‘कअ’ (केलेला) अशा धातुसाधितांवर भागवले.

या सगळ्या गळतीची किंमतही मोजावी लागली. वचन आणि वदन दोघांचेही ‘वअण’ झाले. काक, काच, काय या तिघांचा ‘काअ’. मत, मद, मृग, मृत या चौघांचा ‘मअ’. बाजारात अशा भाषेत सौदा करायला गेले तर घोटाळा ठरलेला. पण गाण्यात व्यंजनांचे अडथळे गेले, की स्वर मोकळे वाहतात, आणि एका शब्दात दोन अर्थ खेळवायला कवी टपलेलाच असतो. म्हणूनच संस्कृत नाटकांतल्या स्त्रिया संकेतानुसार बोलतात शौरसेनीत आणि गातात माहाराष्ट्रीत. वाकाटक राजा प्रवरसेनाने ‘सेतुबंध’ हे आख्खे महाकाव्य तिच्यात रचले. जैन लेखकांनी कथांसाठी ती घेतली, तेव्हा दोन स्वरांच्या फटीत हलकासा य भरला. लोअचा ‘लोय’ केला.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याच दिवशी प्राकृतलाही. रंगनाथ पठारे समितीने मराठीसाठी केलेल्या मांडणीत सातवाहन काळ आणि गाथासप्तशती यांना मोठे स्थान होते. मराठी थेट या घडीव भाषेतून उतरली असे म्हणता येणार नाही. दोघींचा धातू एक, इतके मात्र नक्की. शब्द तर आहेतच, पण भक्कम साक्ष एका छोट्या प्रत्ययाची आहे. माहाराष्ट्रीत हसून म्हणायचे तर ‘हसिऊण’, आणि तोच ‘ऊण’ आपल्या करून, बसून, जाऊन, येऊनमध्ये आहे.

स. आ. जोगळेकरांनी 1956 साली गाथासप्तशतीची मराठी आवृत्ती सिद्ध केली. ती वाचनालयात मिळाली, तर अर्थ झाकून आधी मूळ गाथा वाचावी आणि वरचे पाच नियम उलटे लावून पाहावेत. सगळे शब्द सुटणार नाहीत, पण किती सुटतात ते पाहून वाचक चकित होईल.