आय आणि जे यांच्यामधली फट

इंग्रजी वर्णमालेत आयनंतर लगेच जे येतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. आयबीएमच्या मेनफ्रेम संगणकाला मात्र त्या दोन अक्षरांच्या मध्ये सात जागा दिसतात. लॅरी वॉल यांनी १९८७ साली खुली केलेली पर्ल ही संगणकभाषा या यंत्रावर नेताना खरी अडचण झाली ती या फटीचीच.

एरवी अशा स्थलांतराची रीत ठरलेली असते. पर्लचा गाभा सी भाषेत लिहिलेला. आधी एक प्रश्नावली नव्या प्रणालीची चौकशी करते: तुमच्याकडे पूर्णांक केवढा, अमुक सोय आहे का. मग 'मिनीपर्ल' नावाचं छोटं पर्ल तयार होतं आणि तेच उरलेल्या पर्लची उभारणी करतं. मेनफ्रेमच्या झेड-ओएस प्रणालीत युनिक्सच्या सोयी होत्या, त्यामुळे घर ओळखीचं वाटावं. अक्षरं तेवढी परकी.

बहुतेक संगणक आस्की संकेत वापरतात. त्यात लहान ए म्हणजे ९७, झेड म्हणजे १२२. मधे खंड नाही. मेनफ्रेमचा संकेत एब्सिडिक. तो १९६४ च्या सिस्टीम ३६० बरोबर आला, पण त्याचं मूळ भोकं पाडलेल्या कार्डांत आहे. कार्डावर अक्षरासाठी दोन भोकं पडत: एक वरच्या तीन ओळींपैकी, एक अंकांच्या ओळीत. म्हणून अक्षरं नऊ, नऊ आणि आठ अशा तीन गटांत विभागली गेली. परिणामी लहान ए १२९ वर, झेड १६९ वर. एकूण ४१ जागा, त्यांत अक्षरं २६. उरलेल्या पंधरा जागांवर भलतेच पाहुणे.

'ए ते झेड' असं लिहिलेला प्रोग्राम इथे बंद पडत नाही. तो चालतो आणि चुकीचं उत्तर देतो, हे जास्त वाईट. मोठ्या अक्षराचं लहान करायला आस्कीत ३२ मिळवतात, इथे ६४ वजा करायचे. यादी लावली तर आस्कीत अंक आधी, इथे ते अक्षरांच्याही नंतर.

आपल्याला हे नवं वाटू नये. युनिकोडमध्ये ळ हा लच्या पाठीला पाठ लावून बसला आहे. आपल्या वर्णमालेत तो हनंतर येतो. नुसत्या संकेतांकांवर लावलेली मराठी शब्दसूची म्हणूनच चुकते.

पर्लकारांनी अक्षरांच्या पट्ट्याला खास वागणूक दिली: 'एच ते के' म्हटलं की चारच अक्षरं, फटीतलं काही नाही. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण लिहिणाऱ्याच्या मनात वर्णमाला असते, कार्डावरची भोकं नसतात.

पुढे नव्या आवृत्त्या मेनफ्रेमवर नीट बांधल्याच जाईनात. पाठिंबा काढल्याची घोषणा कुणी केली नव्हती. २०१५ च्या ५.२२ या आवृत्तीने पर्ल तिथे पुन्हा चालू लागल्याचं नोंदवलं.