खडकवासल्याचं दार

पुण्याजवळ खडकवासल्याला एनडीए आहे हे आपल्याला ठाऊक असतं. ती नेमकी कशासाठी, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धात दिसून आलं, की भूदल, नौदल आणि हवाईदल एकदिलाने लढले तरच निभाव लागतो. मग होणारे अधिकारी कोवळ्या वयातच एकत्र का वाढू नयेत? १९४९ मध्ये डेहराडूनला तशी सुरुवात झाली, १९५५ च्या जानेवारीत खडकवासल्याच्या संस्थेचं उद्घाटन झालं. तिन्ही दलांचे छात्र इथे तीन वर्षं एकाच आवारात राहतात, मग आपापल्या दलाच्या संस्थेत जातात. तिथली घुमटाची इमारत म्हणजे सुदान ब्लॉक. आफ्रिकेत लढलेल्या आपल्या जवानांच्या स्मरणार्थ सुदानने दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली.

मुलींना मात्र हे दार बंदच! २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेला बसू दिलं, २०२२ मध्ये पहिल्या १९ जणी दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ ला त्यांतल्या १७ जणींनी दीक्षान्त संचलन केलं.

आमच्या बचत गटात हे सांगितलं तर एकजण म्हणाली, "ताई, माझ्या पोरीचं आर्ट्स आहे हो." अहो, भूदलाला बारावीची कुठलीही शाखा चालते! नौदल-हवाईदलाला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतं. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, लग्न झालेलं नको (अठरावं लागताच स्थळं बघणाऱ्यांनी हे वाचावंच). लेखी परीक्षा वर्षातून दोनदा, मग पाच दिवसांची मुलाखत. प्रशिक्षणाचा खर्च सरकारचा.

"फॉर्म कधी निघतो?" तिने लगेच विचारलं. साधारण डिसेंबरात आणि मे महिन्यात.