धुरी देणारा डीप फ्रीझर

दुकानातला डीप फ्रीझर कायमचा बंद पडला की भंगारवाल्याचा डोळा कॉम्प्रेसरवर आणि तांब्याच्या नळ्यांवर असतो. खरं मोल मात्र त्या जाड भिंतींचं. आतबाहेरच्या अस्तरांमध्ये भरलेला फोम सोलापूरच्या 43-44 अंशांच्या उन्हाळ्यात बाहेरची उष्णता आत येऊ देत नव्हता. तोच आता आतली आच बाहेर सोडत नाही. मांसाला धुरी द्यायची तर मंद, एकसारखी आच तासन् तास टिकायला हवी, आणि या पेटीला तेवढं सहज जमतं.

आधी अस्तर पाहावं. प्लॅस्टिकचं असेल तर नाद सोडावा. 100 अंशांच्या आसपास ते मऊ पडतं आणि त्याचा वास मांसात उतरतो. आत धातूचाच पत्रा हवा, तोही रंग न दिलेला. गॅस मेकॅनिककडून रीतसर काढून घ्यावा, स्वतः नळी कापू नये. काही फ्रीझरमधला गॅस चक्क पेट घेतो. दाराचं रबर काढावं लागतं. निखारे पेटीत नाही, शेजारच्या लोखंडी डब्यात. तिथून नळीने धूर आत येतो आणि वरच्या धुराड्यातून निघून जातो. धूर वाया जातो म्हणून धुराडं बुजवलं, की तो आत कोंडतो आणि मांसावर काळा, कडू थर बसतो.

लाकडाला इथे तोटा नाही. टेक्सासमधले खवय्ये ज्या मेस्किटच्या धुरावर जीव टाकतात, ते झाड आपल्या बांधांवर माजलेल्या वेड्या बाभळीच्याच कुळातलं. आपण तिला शिव्या घालतो, एवढाच फरक. लाकूड मात्र वाळलेलं हवं. रंगवलेलं फर्निचर किंवा प्लायवूड चुकूनही नको.

मुळात मांस टिकवायला या भागाला पेटी कधी लागलीच नाही. मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या काढायच्या, दोरीवर कडक उन्हात वाळवायच्या आणि भरून ठेवायच्या, या चान्या. पुढे निखाऱ्यावर भाजा, नाहीतर कालवणात टाका. शेजारच्या मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या या स्वयंपाकाची नोंद शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात केली. तिथे ही हौस नव्हती. गावकीच्या कामापोटी मेलेलं जनावर वाट्याला यायचं, ते एका दिवसात संपणारं नसायचं, आणि उद्याची शाश्वती नसायची. 1927मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचं मांस सोडायला सांगितलं, ते या व्यवस्थेवरच बोट ठेवून. मार्च 2015पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. फ्रीझरला भोकं पाडणाऱ्या हौशी माणसाने हा इतिहास ठाऊक करून घ्यावा, असं मला वाटतं.

वैशाखात सोलापुरात दोरी पुरते. पेटीची गरज भासते ती आखाडात, जेव्हा घरोघरी मटण शिजतं, आभाळ भरलेलं असतं आणि दोरीवरच्या मांसाला माश्या सोडत नाहीत.