दैत्यांचे घर

नॉर्वे म्हटले की मध्यरात्रीचा सूर्य आणि डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या, एवढेच आपणांस आठवते. परंतु त्या देशाच्या दक्षिण भागात योटुनहाइमेन नावाची एक रौद्र पर्वतराजी उभी आहे. तिची ओळख वाचकांस करून द्यावी, असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते.

योटुन म्हणजे नॉर्स पुराणकथांतील दैत्य. हे नाव मात्र पुराणांइतके जुने नाही. १८२० साली काइलहाउ हा भूगर्भशास्त्रज्ञ या प्रदेशात हिंडला व त्याने यास ‘दैत्यांचे डोंगर’ म्हटले. पुढे १८६२ साली विन्ये या कवीने त्याचे ‘दैत्यांचे घर’ केले. शास्त्रज्ञाने नाव सुचवावे आणि कवीने ते घडवावे, हा योग विरळाच!

येथील खडक बहुतांशी गॅब्रो जातीचा, अत्यंत कठीण. हिमनद्यांनी तो कोरून धारदार कडे व खोल दऱ्या घडविल्या. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाची बारीक भुकटी पाण्यात मिसळते, म्हणून येन्दे सरोवर उन्हाळ्यात पाचूसारखे हिरवे दिसते.

गाल्होपिगेन (२४६९ मीटर) हे नॉर्वेतील सर्वोच्च शिखर. १८५० साली लोम गावच्या तिघांनी ते प्रथम सर केले. त्यांत एक वाटाड्या, एक चर्चचा सेवक आणि एक गावचा शिक्षक होता. हयात शाळेत घालविलेल्या आम्हांस हे वाचून अंमळ अभिमान वाटला, हे कबूल करतो.

स्टोरे स्कागास्टोल्सटिन्ड (२४०५ मीटर) हे शिखर मात्र अजिंक्य समजले जाई. २१ जुलै १८७६ रोजी स्लिंग्जबी हा इंग्रज दोन नॉर्वेजियन सोबत्यांसह तेथे गेला. अखेरचा कडा पाहून सोबती थांबले. तो एकटाच वर चढला. १८९४ साली तेरेसे बेर्टो ही त्या शिखरावर पोहोचलेली पहिली स्त्री ठरली.

परंतु आज आम्हांस अस्वस्थ करते ती ग्लिटर्टिन या शिखराची कथा. माथ्यावरील बर्फ धरून त्याची उंची एकेकाळी गाल्होपिगेनहूनही अधिक भरत असे. तो बर्फ वितळत गेला आणि थोरलेपणाचा वाद आपोआप मिटला. खालच्या खडकाची उंची २४५२ मीटरच आहे. १९८० साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. त्यामुळे रस्ते व धरणे अडविता येतात, तापणारी हवा अडविता येत नाही.

पर्वत म्हणजे अचल, असे आम्ही वर्षानुवर्षे मुलांना शिकवीत आलो. आता त्या धड्यास एक पुरवणी जोडावी लागते: खडक अचल असेल, पण त्यावरचा मुकुट माणसाच्या करणीने उतरू शकतो. दैत्यांना देवांनी हरविले, असे कथा सांगतात. त्यांचे घर मात्र आपल्यासारख्या साध्या माणसांच्या चुलींच्या व यंत्रांच्या धुराने झिजत आहे, ही जाणीव घरोघरी पोहोचावी, एवढीच इच्छा.