हसा आणि कुलूप उघडा : ‘मंकी आयलंड’च्या चाच्यांच्या करामती

रात्रीची वेळ. कॅरिबियन समुद्रातलं मेले नावाचं बेट. एक पोरगेलासा तरुण टेहळणी करणाऱ्या, जवळजवळ आंधळ्या म्हाताऱ्यासमोर उभा राहतो आणि सांगतो, मला समुद्री चाचा व्हायचंय. त्याला तलवार धरता येत नाही, जहाज नाही, खिशात पैसे नाहीत. अंगी एकच कला : दहा मिनिटं श्वास रोखून धरता येतो! या गायब्रश थ्रीपवुडला घेऊन लुकासफिल्म गेम्सने १९९० साली ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ हा गेम आणला. चाचे, भुतं, कवट्या, सांगाडे आणि डोकं खाजवायला लावणारी कोडी असा सगळा ऐवज. भुताखेतांचा मामला असूनही भीती औषधालाही नाही, हसून हसून मुरकुंडी मात्र वळते. आणि खरी मजा अशी, की इथला विनोद चवीपुरता वरून घातलेला नाही. विनोद कळला तरच कोडं सुटतं.

तलवारीपेक्षा जीभ धारदार

गेमचा कर्ताधर्ता रॉन गिल्बर्ट. सोबत टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन हे दोन तरुण लेखक. एरॉल फ्लिनच्या जमान्यातले जुने हॉलिवूडचे चाचेपट पाहताना या मंडळींना जाणवलं, की तिथल्या द्वंद्वात तलवारीचे वार कमी आणि टोमणे जास्त. मग त्यांनी तलवारबाजीचं सगळं तंत्रच फिरवलं. समोरच्या चाच्याने खोचक टोमणा मारायचा, तुम्ही त्याला तितकंच खोचक उत्तर द्यायचं. उत्तर बसलं की तुमची सरशी, अडखळलात की माघार. थेट आपला सवाल-जवाबाचा फड, फक्त डफ-तुणतुण्याच्या जागी तलवारींचा खणखणाट.

सुरुवातीला तुम्हाला एकही धड उत्तर येत नाही. एक चाचा म्हणतो, तू गवळ्यासारखा लढतोस. तुम्ही काहीतरी गुळमुळीत बोलता आणि हरता. पण तो टोमणा आता तुमच्या वहीत जमा झालेला असतो. पुढच्या वळणावर भेटणाऱ्या चाच्यावर तुम्ही तोच फेकता आणि तो उलट ऐकवतो, शोभतंय, कारण तू गायीसारखा लढतोस. झालं, उत्तरही मिळालं! म्हणजे इथे हरणं हाच अभ्यास. बेटभर फिरून असा साठा केला, की कार्ला नावाच्या तलवारबाज गुरूशी मुकाबला. आणि इथे लेखकांनी बहार केली आहे. कार्लाचे टोमणे सगळे नवे कोरे, तुम्ही कधीच न ऐकलेले. उत्तरं मात्र जुनीच वापरायची, कुठलं कुठे चपखल बसतं ते ओळखून. पाठांतर संपतं आणि समज सुरू होते. माझ्या मते कोड्यांच्या गेममध्ये याहून सुंदर परीक्षा क्वचितच कुणी रचली असेल.

हे टोमणे लिहायला ‘एन्डर्स गेम’ या गाजलेल्या विज्ञान कादंबरीचा लेखक ओर्सन स्कॉट कार्ड याचाही हात लागला होता. पुढे १९९७ सालच्या तिसऱ्या भागात लेखकांनी आणखी एक पायरी चढवली : भर समुद्रातल्या द्वंद्वात उत्तर नुसतं खोचक असून भागत नाही, ते टोमण्याशी यमक जुळवणारंही लागतं.

मरायची सोयच नाही

त्या काळात साहसी गेम म्हणजे पावलोपावली मरण. चुकीचं दार उघडलं, मेलात. एखादी वस्तू उचलायची राहिली, की चार तासांनंतर कळायचं, आता पुढे जाताच येणार नाही. गिल्बर्टला याची मनस्वी चीड होती. साहसी गेम इतके वैताग का आणतात, यावर त्याने १९८९ साली एक लेखच लिहिला आणि खेळणाऱ्याला अशी शिक्षा देऊ नये, असं ठणकावून सांगितलं. मंकी आयलंडमध्ये त्याने ते पाळून दाखवलं. एका जागी गायब्रश कड्यावरून खाली कोसळतो. पावलोपावली मरण देणाऱ्या सिएरा कंपनीच्या साहसी गेममध्ये यायची तशी, खेळ संपल्याची पाटी पडद्यावर येते. खेळणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. तेवढ्यात गायब्रश टुणकन उसळून पुन्हा वर हजर! खाली रबराचं झाड होतं.

तरीही मरण्याची एक वाट लेखकांनी मुद्दाम ठेवली आहे. गायब्रशला एका जड मूर्तीला बांधून समुद्रात फेकून देतात. तळाशी आसपास दोर कापण्याजोगी नाना धारदार हत्यारं पडलेली, पण एकापाशीही हात पोचत नाही. लोक डोकं धरून बसतात. उत्तर इतकंच, की मूर्ती उचलायची, काखोटीला मारायची आणि चालत वर यायचं. मात्र तुम्ही खरोखर दहा मिनिटं नुसते बघत राहिलात, तर श्वास रोखून धरण्याची त्याची मुदत संपते आणि गडी मरतो. मग पडद्याच्या तळाशी असलेली क्रियापदं बदलतात. ‘उघड’, ‘ढकल’, ‘बोल’ यांच्या जागी ‘तरंग’, ‘फुग’, ‘कूज’ अशा आज्ञा येतात. शेवटची आज्ञा, उत्तरांचं पुस्तक मागव! सुरुवातीला मारलेली एक फुशारकी इतक्या दूरवर घड्याळ लावून पाळली आहे. विनोदाची ही शिस्त मला फार आवडते.

नायिकेच्या बाबतीतही अपेक्षा अशीच उलटवली आहे. गव्हर्नर इलेन मार्लीला भुताटकीचा चाचा लेचक पळवून नेतो. गायब्रश जिवाची बाजी लावून तिच्या लग्नात पोचतो, तर बाईंनी स्वतःची सुटका कधीच करून घेतलेली असते आणि वधूच्या पोशाखात दोन माकडं उभी केलेली असतात. खलनायकाचा बेत आणि नायकाचा पराक्रम दोन्ही एका फटक्यात धुळीला मिळवणारी ही इलेन १९९० सालची आहे, हे लक्षात ठेवा.

आणि मंकी आयलंडवरचे नरभक्षक! ते गायब्रशला झोपडीत कोंडतात, तो जमिनीची सैल फळी सरकवून निसटतो. पुन्हा पकडतात, दार आणखी भक्कम करतात. शेवटी गवताच्या झोपडीला थेट बँकेच्या तिजोरीचं दार बसतं. फळी मात्र तशीच सैल.

हाडांचा हिशेब

आता सांगाड्यांकडे वळू. दुसऱ्या भागात, १९९१ च्या ‘लेचक्स रिव्हेंज’मध्ये, गायब्रश डोक्यावर आपटून बेशुद्ध पडतो आणि त्याला स्वप्नात आई-वडील दिसतात. बघता बघता दोघांचे सांगाडे होतात आणि सांगाडे नाचत नाचत गाणं म्हणू लागतात : कुठलं हाड कुठल्या हाडाला जोडलंय याचं. शरीरशास्त्राच्या दृष्टीने सगळं चुकीचं. खेळणारा हसतो आणि पुढे जातो. नंतर लेचकच्या किल्ल्यात हाडांनी मढवलेल्या दारांचा भुलभुलैया लागतो, तेव्हा डोक्यात प्रकाश पडतो, की ते गाणं म्हणजेच नकाशा होता. ज्या क्रमाने हाडं गायली, त्या क्रमाने दारं निवडायची. हा क्रम प्रत्येक वेळी नवा असतो, त्यामुळे मित्राची वही उसनी आणून उपयोग नाही.

याच भागात तुरुंगातून सुटायलाही हाडच लागतं. किल्ली कुत्र्याच्या तोंडात, शेजारच्या कोठडीत सांगाडा. काठीने सांगाड्याचं हाड ओढायचं, कुत्र्याला द्यायचं, की किल्ली तुमची. कुत्र्याचं नाव वॉल्ट. का, ते पुढे सांगतो.

पण सांगाड्यांचा खरा राजा मरे. तिसऱ्या भागात, ‘द कर्स ऑफ मंकी आयलंड’मध्ये, गायब्रश तोफेने लेचकच्या सांगाडा-फौजेची दाणादाण उडवतो. त्यातल्या एकाची फक्त कवटी शिल्लक राहून पाण्यावर तरंगत असते. तिची मिजास मात्र शाबूत! मरे जग जिंकण्याच्या गर्जना करतो, तुझं मुंडकं भाल्यावर मिरवत नरकाच्या दारातून दमदार पावलं टाकत जाईन म्हणतो. पावलं कुठली, असं गायब्रशने विचारताच जरा अडखळतो आणि म्हणतो, बरं, घरंगळत जाईन. हात नाहीत, पाय नाहीत, धड नाही, तरी माघार नाही. त्याला फक्त पहिल्या प्रकरणापुरतं ठेवायचं ठरलं होतं. पण गेम तपासणारे त्याच्यावर इतके फिदा झाले, की त्याला जागोजागी पुन्हा आणावं लागलं. पुढच्या भागांतही मरे आहेच. डेनी डेल्क या कलावंताने त्याला दिलेला आवाज एकदा ऐकाच.

डिस्नीच्या होडीतून डिस्नीच्या घरात

या साऱ्याचं बीज कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये आहे. १९६७ साली तिथे ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही सफर सुरू झाली. होडीत बसायचं आणि दोन्ही काठांवरचे यांत्रिक चाचे पाहत जायचं. नकली सांगाडे पुरेसे खरे वाटेनात, म्हणून सुरुवातीच्या काळात तिथे खरे मानवी सांगाडेही वापरले होते. ही सफर गिल्बर्टची लाडकी. त्याला सारखं वाटायचं, या होडीतून उतरावं, त्या चाच्यांशी बोलावं, त्यांच्या जगात हिंडावं. तेच त्याने गेममध्ये केलं. सफरीत कैद्यांना झुलवणारा किल्लीवाला कुत्रा आहे, म्हणून गेममध्येही तो आला आणि वॉल्ट डिस्नीला वंदन म्हणून त्याचं नाव वॉल्ट ठेवलं.

दुसरी प्रेरणा टिम पॉवर्सच्या ‘ऑन स्ट्रेंजर टाइड्स’ या १९८७ च्या कादंबरीची. पुढे याच कादंबरीच्या आधारे डिस्नीने २०११ मध्ये ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ मालिकेतला चौथा चित्रपट काढला. २०१२ मध्ये तर डिस्नीने लुकासफिल्मच विकत घेतली आणि डिस्नीच्या सफरीतून जन्मलेला गायब्रश डिस्नीच्याच मालकीचा झाला.

मूठभर चणे-फुटाणे

गायब्रश हे नाव कुठून आलं? चित्रकार स्टीव्ह पर्सेल नायकाचं चित्र काढत होता. नाव ठरलं नव्हतं, म्हणून सगळे त्याला नुसतं ‘गाय’, म्हणजे ‘गडी’ म्हणत. चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा फाइलला ‘ब्रश’ म्हणायचे. दोन्ही जोडून फाइलचं नाव झालं आणि तेच नायकाला चिकटलं. थ्रीपवुड हे आडनाव पी. जी. वुडहाउसच्या कथांमधल्या खानदानाचं. पर्सेल पुढे पिक्सारच्या ‘ब्रेव्ह’ या चित्रपटाचा सहदिग्दर्शक झाला.

मेले बेटावरच्या जंगलात एक झाडाचा बुंधा आहे. तो निरखला, की गायब्रश म्हणतो, अरे, आत भुयार आहे! आणि गेम तुमच्याकडे २२ नंबरची डिस्क मागतो. मग ३६ नंबरची. मग ११४ नंबरची. अख्खा गेम मूठभर डिस्कांवर आलेला. ही थट्टा न कळलेल्या गिऱ्हाइकांनी, आमच्या डिस्का कुठे आहेत, असे कंपनीकडे इतके फोन केले, की नंतरच्या आवृत्तीतून बुंध्याचा विनोद काढून टाकावा लागला.

चाच्यांचं पेय ग्रॉग. त्यात रॉकेल, ॲसिटोन, गंधकाम्ल, वंगण असं काय काय, त्यामुळे पेलाच वितळतो. पेला वितळायच्या आत दुसऱ्या पेल्यात ओतत ओतत धावायचं आणि तुरुंगाचं कुलूप वितळवायचं, हे कोडं. २००९ साली अर्जेंटिनाच्या सी-५-एन या वृत्तवाहिनीने हीच यादी दाखवून, तरुणांमध्ये हे जीवघेणं पेय पसरतंय, अशी खरीखुरी बातमी दिली!

नक्कल रोखण्यासाठी खोक्यात पुठ्ठ्याच्या दोन चकत्या यायच्या. त्या फिरवून पडद्यावरच्या चाच्याचं तोंड जुळवायचं आणि त्याला अमुक बेटावर कुठल्या साली फासावर दिलं, ते टाइप करायचं. गेम सुरू व्हायच्या आधीच गेम सुरू!

संगीत मायकेल लँडचं. दुसऱ्या भागासाठी त्याने पीटर मॅककॉनेलसोबत ‘आयम्यूज’ नावाची यंत्रणा तयार केली. वुडटिक गावात एका घरातून दुसऱ्या घरात शिरलात, की धून तीच राहते आणि वाद्यं बदलतात, तीही ताल न तुटता. हे १९९१ साली, साध्या घरगुती संगणकावर.

गिल्बर्ट दुसऱ्या भागानंतर कंपनीतून बाहेर पडला. जाताना त्याने असा चक्रावून टाकणारा शेवट केला होता, की चाहते त्यावर वर्षानुवर्षं वाद घालत बसले. १ एप्रिल २०२२ रोजी त्याने जाहीर केलं, मी नवा मंकी आयलंड करतोय. तारीख पाहून पुष्कळांना ती थापच वाटली. पण ‘रिटर्न टू मंकी आयलंड’ त्याच वर्षी १९ सप्टेंबरला, म्हणजे चाच्यांसारखं बोलायच्या जागतिक दिवशी, बाजारात आला आणि ३१ वर्षांपूर्वीच्या त्या शेवटापासूनच सुरू झाला. गायब्रशला आवाज डॉमिनिक आर्माटोचा. १९९७ पासून तोच हे काम करतोय. लहानपणी तो याच गेमचा वेडा चाहता होता.

सुरुवात कुठून करावी? पहिल्या भागाची २००९ सालची नवी आवृत्ती घ्या, स्टीमवर मिळते. एक बटण दाबलं, की चित्रं थेट १९९० ची होतात, ते अधूनमधून करून पाहा. मग दुसरा, मग तिसरा. २००० सालचा चौथा भाग ‘एस्केप’ सगळ्यात कच्चा, त्यातली माकडांची कुस्ती कंटाळा आणते, तो वगळलात तरी चालेल. पण ‘रिटर्न’ शेवटालाच खेळा. आणि कोडं अडलं, तर इंटरनेटवर उत्तर शोधू नका. घरात कुणाला तरी शेजारी बसवून घ्या, दोघांनी मिळून हसत-भांडत ते सोडवा.